नागपुरात सहा चर्च-संस्था एक झाल्या, पण ख्रिस्ती एकीची परीक्षा भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात का होते?

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर इथल्या आयुध निर्माणीत मोठा स्फोट झाला. इमारतीचं छत कोसळलं, कामगार ढिगाऱ्याखाली अडकले आणि किमान आठ जणांचा जीव गेला.

जगभरच्या ख्रिस्ती कॅलेंडरमध्ये तो दिवस एका वेगळ्याच कारणासाठी आधीपासून नोंदलेला होता. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा 'ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह' असतो. त्या वर्षी सप्ताहासाठी बायबलमधला जो उतारा निवडला होता, तो योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायातला होता. बेथानी गावातल्या मार्था आणि मरिया या बहिणींचा भाऊ लाजर वारला आहे. चार दिवस झाले आहेत. आसपासची माणसं दोघींचं सांत्वन करायला घरी आली आहेत. प्रसंगाची सुरुवात तिथून होते.

हा अर्थातच योगायोग. उतारा आदल्या वर्षीच ठरलेला होता. पण त्यातून एक साधा प्रश्न समोर येतो. ख्रिस्ती एकी म्हणजे वेगवेगळ्या पंथांनी आठवडाभर एकत्र प्रार्थना करणं, एवढंच का? आणि जिथे ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे, अशा भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात या एकीचा शेजारच्या घराला काय उपयोग?

एवढ्याशा समाजात इतके पंथ आले कुठून?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का. त्यातले बरेच मुंबई, वसई, पुणे, अहमदनगर या पट्ट्यात. भंडाऱ्यात हे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षाही कमी आहे. इथे ख्रिस्ती कुटुंबाचे शेजारी म्हणजे हिंदू, बौद्ध आणि मुस्लीम कुटुंबं. तरीही या छोट्या समाजात कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि अलीकडच्या पेंटेकोस्टल प्रार्थनासभा असे वेगवेगळे गट आढळतात. आयुध निर्माणी, रेल्वे, बँका अशा नोकऱ्यांमुळे बाहेरून येणारी कुटुंबं आपापल्या गावचा पंथही सोबत आणतात.

यातल्या प्रोटेस्टंट शाखेची मुळं स्कॉटलंडमध्ये आहेत. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूर भागात आले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. पुढे एकोणिसाव्या शतकातच हे मिशन भंडाऱ्यापर्यंत पोचलं. हिस्लॉप ज्या 'फ्री चर्च'चे होते, ते १८४३ मध्ये मूळ चर्च ऑफ स्कॉटलंडमधून फुटून निघालं होतं. भांडण कशावरून? गावच्या चर्चमध्ये पाळक कोणी नेमायचा, तिथल्या जमीनदारानं की मंडळीनं, यावरून. स्कॉटलंडमधल्या जमीनदारांशी झालेल्या या वादानं वैनगंगेकाठच्या मंडळीच्या पाटीवर कोणतं नाव लागणार हे ठरवलं.

त्यात आणखी एक गोष्ट होती. एकमेकांच्या कामात पाय अडकू नये म्हणून प्रोटेस्टंट मिशन संस्थांनी भारतातले प्रदेश आपसात वाटून घेतले होते. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन, नाशिकला इंग्लंडच्या अँग्लिकन परंपरेतलं चर्च मिशनरी सोसायटीचं काम, कोल्हापूर-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, नागपूर-भंडाऱ्याकडे स्कॉटिश. त्यामुळे पंथ ठरला तो पत्त्यावरून. नगरचा माणूस काँग्रिगेशनल झाला, नाशिकचा अँग्लिकन आणि भंडाऱ्याचा प्रेस्बिटेरियन. या तिघांनी धर्मशास्त्राचा अभ्यास करून आपापला पंथ निवडला होता, असं म्हणता येत नाही.

पुढची नामांतरंही तशीच. १९०० मध्ये स्कॉटलंडमध्ये फ्री चर्चचं विलीनीकरण होऊन 'युनायटेड फ्री चर्च' झालं. १९२४ मध्ये भारतातल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' तयार झालं. १९२९ मध्ये स्कॉटलंडमधले दुरावलेले भाऊ पुन्हा एक झाले. १९७० मध्ये आणखी एक नाव आलं. एकाच घरातल्या आजोबा, वडील आणि मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तीन वेगळ्या चर्चची नावं असू शकतात, ती अशी.

एकीची निकड आधी कुठे जाणवली?

दुष्काळात आणि आजारपणात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची दैना केली. भंडारा तेव्हा याच प्रांतात होता. पंडिता रमाबाई १८९७ च्या सुमारास पुण्याहून मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुली आणि विधवांना सोबत घेऊन परतल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावला जी वसाहत उभी राहिली, ती 'मुक्ती'.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला होता. पण कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत त्या मावल्या नाहीत. ख्रिस्ती धर्मात इतके तट का, हा प्रश्न त्यांना सुरुवातीपासून पडला होता आणि त्यावरून इंग्लंडमधल्या आपल्या गुरुभगिनींशी त्यांनी पत्रांतून वादही घातला. त्यांच्या कामाला पैसा उभा करण्यासाठी १८८७ मध्ये अमेरिकेत बोस्टनला जी संस्था निघाली, तिच्यात वेगवेगळ्या पंथांची माणसं होती. केडगावला आलेल्या भुकेल्या मुलीला आधी जेवण आणि कपडे मिळाले. देणगी पाठवणारा कोणत्या पंथाचा, हे तिच्या ताटात दिसत नव्हतं.

कवी नारायण वामन टिळकांनी हाच प्रश्न वेगळ्या बाजूनं हाताळला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्हींना त्यात जागा होती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. पण त्यांची भजनं मराठी ख्रिस्ती उपासनेत पंथांच्या भिंती ओलांडून गेली. पाट्या वेगळ्या असलेल्या मंडळ्या रविवारी तीच भजनं म्हणतात.

१९७० मध्ये नागपुरात नेमकं काय घडलं?

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च-संस्था अधिकृतपणे एक झाल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' म्हणजे सीएनआयची स्थापना झाली. भंडाऱ्याहून हे ठिकाण साधारण ६० किलोमीटरवर. एकत्र आलेल्या सहा संस्था अशा: अँग्लिकन चर्च, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट मंडळ्या, चर्च ऑफ द ब्रेदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट. दक्षिणेत असाच प्रयोग २७ सप्टेंबर १९४७ ला 'चर्च ऑफ साउथ इंडिया'च्या रूपानं झाला होता. उत्तरेतल्या चर्चेला मात्र १९२९ पासून चार दशकं लागली.

इतका वेळ का लागला? दोन गाठी अवघड होत्या.

पहिली गाठ बाप्तिस्म्याची. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट म्हणतात, माणसानं जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल केला पाहिजे, मगच बाप्तिस्मा. यावर तोडगा निघाला तो असा, की नव्या चर्चमध्ये दोन्ही पद्धती मान्य. कुटुंबानं आपला मार्ग निवडावा.

दुसरी गाठ बिशपची. अँग्लिकन परंपरेत बिशपशिवाय चर्चची कल्पना होत नाही. प्रेस्बिटेरियन मंडळीत कारभार वडीलमंडळाकडे असतो. तोडगा असा निघाला, की बिशप असतील, पण ते घटनेला बांधलेले असतील आणि बिशपपदाचा एकच एक धर्मशास्त्रीय अर्थ कुणावर लादला जाणार नाही. शिवाय सगळ्या पंथांच्या पाळकांची सेवा एका विधीत एकत्र करण्यात आली, म्हणजे कोणाचा पाळक खरा आणि कोणाचा दुय्यम हा वाद उरू नये.

एकीकरण पूर्ण मात्र झालं नाही. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट अनेक वर्षं चर्चेत असूनही १९७० मध्ये अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडले. पुढे १९८१ मध्ये त्यांचं 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' झालं.

सीएनआयच्या बोधचिन्हावर तीन शब्द आहेत: एकता, साक्ष, सेवा. पहिला शब्द नागपुरात कागदावर उतरला. उरलेल्या दोघांचा हिशेब गावोगावी लागतो.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अजून वेगळे का?

१९७० ची घटना प्रोटेस्टंटांपुरती होती. भंडाऱ्यातले कॅथलिक नागपूर महाधर्मप्रांतात येतात आणि त्यांचं नातं थेट रोमशी आहे. दोघांमधला मोठा फरक प्रभुभोजनात दिसतो. कॅथलिक मिस्सामध्ये प्रोटेस्टंट माणूस बसू शकतो, प्रार्थना करू शकतो, पण एरवी त्याला तिथे ख्रिस्तप्रसाद दिला जात नाही. एकाच कुटुंबात आई कॅथलिक आणि वडील सीएनआयचे असतील, तर ही रेषा दर रविवारी जाणवते.

पण बरंच काही बदललंही आहे. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ऐक्यावरचा स्वतंत्र दस्तऐवज मंजूर केला आणि इतर पंथीयांना 'दुरावलेले बंधू' मानून त्यांच्याशी संवादाचं दार उघडलं. पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च सहसा वैध मानतं. त्यामुळे सीएनआयमधली मुलगी कॅथलिक घरात सून म्हणून आली, तर तिचा बाप्तिस्मा पुन्हा करावा लागत नाही. ऐक्य सप्ताहाची सुरुवात १९०८ मध्ये अमेरिकेत झाली होती. १९६८ पासून त्याचं साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून काढतात. २०१३ चं साहित्य भारतातल्या विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीनं तयार केलं होतं आणि त्याच्या केंद्रस्थानी दलितांवरचा अन्याय होता.

प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चना जोडणाऱ्या राष्ट्रीय चर्च परिषदेचं मुख्यालयही नागपुरातच आहे. १९१४ मध्ये मिशन संस्थांची परिषद म्हणून तिची सुरुवात झाली होती.

रोजच्या व्यवहाराला उपयोगी पडणारा नियम मात्र १९५२ मध्ये स्वीडनमधल्या लुंड शहरातल्या परिषदेत पुढे आला. तोपर्यंत प्रश्न असा विचारला जायचा: आपण एकत्र काय करू शकतो? लुंडला तो उलटा केला गेला: ज्या गोष्टी श्रद्धेच्या खोल मतभेदामुळे वेगळ्या करणं भागच आहे, तेवढ्या सोडून बाकीच्या एकत्र का करू नयेत?

हा नियम छोट्या गावात कसा लागू होतो?

समजा, एका छोट्या मंडळीतल्या घरात रात्री कुणी वारलं. सकाळपर्यंत शवपेटी हवी. दफनभूमीत जागा हवी, खड्डा खणायला माणसं हवीत. पाळक परगावी असेल तर कुणाला तरी प्रार्थना चालवायला हवी. घरात चूल पेटणार नाही, म्हणून दोन-तीन दिवस डबे हवेत. यातल्या किती गोष्टींसाठी पंथ वेगळा असणं गरजेचं आहे? फार तर अंत्यविधीच्या प्रार्थनेसाठी. पेटी, खड्डा, डबा आणि रात्री घरी सोबतीला बसणं यात धर्मशास्त्र आड येत नाही. दहा-वीस कुटुंबांच्या मंडळीला हे सगळं एकटीनं झेपतही नाही.

आजारपणाचं तेच. गंभीर रुग्णाला भंडाऱ्याहून नागपूरला हलवावं लागतं. त्या ६० किलोमीटरच्या प्रवासात सोबत कोण जाणार, रक्त कोण देणार, रुग्णालयाच्या आवारात रात्र कोण काढणार आणि मागे घरी मुलांना शाळेत कोण पाठवणार? नागपुरात कोणत्याही पंथाचं ओळखीचं एक घर असेल तर अर्धं ओझं हलकं होतं.

काही गोष्टी आधीच एकत्र होतात. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी 'जागतिक प्रार्थना दिन' असतो. तो स्त्रियांनी चालवलेला आणि सगळ्या पंथांसाठी खुला. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया उपासनेचा क्रम लिहितात आणि जगभर तोच वापरला जातो. लग्नाचा कायदाही समान आहे. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा पंथ कोणताही असला तरी लागू होतो.

ज्या भागात धानाची रोवणी होते, तिथल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पाऊस थांबत नाही आणि रोपं वाट पाहत नाहीत. आज माझ्या बांधीत, उद्या तुझ्या बांधीत असं सावडीनं काम केलं तरच रोवणी वेळेवर उरकते. बांध ज्याचा त्याचा राहतो, काम सगळ्यांचं होतं.

मदतीमागे धर्मांतराचा हेतू असतो का?

ख्रिस्ती मदतीबद्दल हा प्रश्न विचारला जातो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. तो याच प्रांतात अधिकृतपणे विचारला गेला होता. १९५६ पर्यंत भंडारा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. त्या सरकारनं १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कामाच्या चौकशीसाठी समिती नेमली. १९५६ च्या अहवालात समितीनं शाळा, दवाखाने आणि अनाथालयांचा वापर धर्मांतरासाठी होत असल्याचा ठपका ठेवला. वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचं थेट साधन म्हणून वापर कायद्यानं बंद करावा, अशी शिफारसही केली. ख्रिस्ती संस्थांनी अहवाल एकतर्फी असल्याचं म्हटलं. वाद आजही संपलेला नाही.

मदत करणाऱ्या संस्थांनी आपल्यापुरती रेषा आखली आहे. रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी १९९४ मध्ये आपत्तीतल्या मदतीसाठी आचारसंहिता स्वीकारली. मदत गरजेनुसार द्यायची, वंश किंवा धर्म पाहून नाही, आणि मदतीचा वापर कोणतीही राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी करायचा नाही, असं ती सांगते. कॅथलिकांची कारितास आणि जागतिक चर्च परिषद या दोन्ही तिच्या पुरस्कर्त्यांमध्ये आहेत. भारतात फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ मध्ये सुरू झालेली 'कासा' ही प्रोटेस्टंट-ऑर्थोडॉक्स चर्चची संयुक्त मदतसंस्थाही आपत्तीत काम करते.

इथे एकीचा संबंध थेट विश्वासार्हतेशी येतो. चार गट चार पाट्या लावून वेगवेगळी मदत वाटू लागले, तर घेणाऱ्याला ती माणसं जोडण्याची स्पर्धा वाटते. तेच गट एकत्र येऊन गावातल्या इतर धर्मीयांबरोबर एकाच रांगेत तांदळाचं पोतं उचलत असतील, तर हेतूबद्दलची शंका बरीच कमी होते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला आणि भंडारा शहरात पाणी शिरलं. अशा वेळी उंचावरच्या कोरड्या हॉलची किल्ली कुणाकडे आहे एवढंच महत्त्वाचं असतं.

एकी कुठे अडते?

पहिला अडथळा मालमत्तेचा. मिशनच्या काळातल्या जमिनी, बंगले, शाळा यांची मालकी कोणत्या ट्रस्टकडे, यावरून देशभर चर्चचे खटले चालू आहेत. ज्या एकीकरणानं पाट्या उतरवल्या, त्यानं सातबारे आपोआप एक केले नाहीत.

दुसरा अडथळा माणसं ओढण्याचा. जुन्या मंडळीतलं कुटुंब नव्या प्रार्थनासभेला जाऊ लागलं, की बोलणं बंद होतं. मग दुःखाच्या प्रसंगीही जाणं-येणं थांबतं. छोट्या गावात हे फार महाग पडतं.

तिसरा अडथळा जातीचा. बाप्तिस्म्यानं जात पुसली जावी अशी अपेक्षा असते, पण सोयरीक जमवताना ती परत येते. दुसरीकडे कायद्यानंही पेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी जवळपास फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लीम दलितांना नाही. म्हणजे शेजारी राहणाऱ्या, एकाच जातीतून आलेल्या दोन घरांपैकी बौद्ध घराला सवलत मिळते आणि ख्रिस्ती घराला मिळत नाही. या प्रश्नावर मात्र कॅथलिक बिशपांची परिषद आणि नागपूरची राष्ट्रीय चर्च परिषद एकत्र उभ्या आहेत. आदेशाची तारीख असलेला १० ऑगस्ट त्या मिळून निषेध दिन म्हणून पाळतात.

शेवटी मुद्दा काय?

बायबलमध्ये शेजारी कोण, या प्रश्नाचं उत्तर येशू एका गोष्टीतून देतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या १० व्या अध्यायात वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला त्याच्याच धर्मातले दोन प्रतिष्ठित लोक टाळून जातात. थांबतो तो शोमरोनी, म्हणजे ज्याच्या समाजाशी त्याच्या समाजाचं पटत नव्हतं असा. तो जखमा बांधतो, त्याला स्वतःच्या जनावरावर बसवतो आणि उतारशाळेचा खर्च भरतो. गोष्टीत कुठेही तो जखमी माणसाला आपला पंथ स्वीकारायला सांगत नाही.

बेथानीच्या घरातही तसंच आहे. मार्था आणि मरियेकडे आलेली माणसं सगळी येशूची शिष्य नव्हती. ती शेजारधर्मानं आली होती. येशू पोचला तेव्हा ती आधीपासून तिथे बसलेली होती.

नागपुरात १९७० मध्ये सहा चर्च-संस्थांनी बाप्तिस्मा आणि बिशप यांच्या गाठी चाळीस वर्षं बसून सोडवल्या. ते काम सोपं नव्हतं. भंडाऱ्यातली परीक्षा त्या मानानं छोटी दिसते, पण ती वारंवार येते. शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज आला, तर दार कोण ठोठावणार? आणि ते घर आपल्या मंडळीचं नसेल, ख्रिस्तीही नसेल, तरी ठोठावणार का?